क्षेपणास्त्रांची चौकशी

मुलीसाठी स्थळ आलं की बाप चौकशी करतो. पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, पितो का, आईचा स्वभाव कसा. माझ्या सासऱ्यांनी माझी चौकशी करायला एक माणूस पाठवला होता. तो आमच्या वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना भेटला आणि शेवटी आमच्याच घरी चहा पिऊन गेला. मी माझ्या मुलीच्या वेळी यातलं काहीच केलं नाही. मी चौकशी केली ती क्षेपणास्त्रांची. एका विमानातून दुसऱ्या विमानावर सोडतात, त्यांची. आपली किती लांब जातात, समोरच्यांची किती लांब जातात, आणि एकदा सुटल्यावर त्यांना वाट कोण दाखवतं, या तीन प्रश्नांनी कित्येक आठवडे माझ्या डोक्याला भुंगा लावला होता.

मुलगा हवाई दलात होता, लढाऊ विमान चालवायचा. नेमणूक पूर्वेकडच्या एका तळावर. मूळचा सांगलीचा. बराकपूरला छावणीत राहणाऱ्या एक मराठी बाई गणपतीत आमच्या ओळखीच्या झाल्या होत्या, त्यांचा हा भाचा. त्यांनी मुलीला आरतीच्या वेळी पाहिलं आणि प्रसाद वाटता वाटताच माझ्या बायकोच्या कानात विषय काढला. आम्ही असतो बंगालमध्ये, इथे मराठी घरं मुळात थोडी. त्यात लग्नाचा मुलगा आणि लग्नाची मुलगी एकाच वर्षी सापडणं म्हणजे बायकांना आभाळ ठेंगणं.

दोघं आधी बाहेर भेटली. माझी मुलगी न्यू टाउनमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते, तिच्याच ऑफिसजवळ कॉफी प्यायला गेली. मग पुन्हा एकदा गेली. घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाली, "माझं हो आहे. बाबा, तुझं सांग. आणि नाही म्हणणार असशील तर रीझन सांग. नुसतं नाही नको."

माझ्याकडे कारण नव्हतं. भीती होती. भीतीला कारणाचे कपडे घालायचे म्हणून मी आकड्यांच्या मागे लागलो.

त्याच दिवसांत सीमेवर वातावरण तापलेलं. टीव्हीवर रोज कोणीतरी कोट घातलेला माणूस निळ्या नकाशावर दोन विमानं काढायचा, त्यांच्यामध्ये लाल बाण काढायचा आणि बाणावर आकडा लिहायचा. इकडून शंभर, तिकडून दोनशे. मग आवाज चढवून विचारायचा, बोला, आधी कोण मारणार? बायको म्हणायची, बंद करा ते. मी आवाज कमी करायचो, बंद करायचो नाही.

माझा धंदाच तसा. मी सीमाशुल्क खात्यात, खिदिरपूरच्या गोदीत. जहाजातून उतरलेल्या मालाबद्दल व्यापाऱ्याने काय लिहून दिलंय आणि पेटीत खरं काय आहे, हे बघण्यात माझं आयुष्य गेलं. लिहून दिलेल्या कोणत्याही आकड्यावर माझा विश्वास नाही. बायको बाजारातून आली तरी मी पिशवी हातात घेऊन वजन अजमावतो, आणि त्यावरून बोलणी खातो. त्यामुळे क्षेपणास्त्राचा पल्ला वाचला की माझा पहिला प्रश्न, हे लिहिलंय कोणी? विकणाऱ्याने की घेणाऱ्याने?

आमचं घरही न्यू टाउनमध्येच, तिथून खिदिरपूरला जायचं म्हणजे अर्धं शहर ओलांडायचं. बसमध्ये बसायला मिळालं तर मी फोन उघडायचो आणि वाचत सुटायचो. चिन्यांचं ते पीएल-१५ घ्या. परदेशी विकायच्या नमुन्यावर एकशेपंचेचाळीस किलोमीटर लिहिलेलं, आणि घरी वापरायच्या नमुन्याचं म्हणे दोनशेच्या पुढे. हे वाचून मी ताठ बसलो. एकाच मालाचे दोन आकडे! गोदीत असं काही सापडलं असतं तर मी पेटी बाजूला काढून ठेवली असती. युरोपवाल्यांचं मीटिअर. त्यांनी तर 'शंभराच्या बऱ्याच पुढे' एवढंच सांगून तोंड मिटलेलं. आपलं अस्त्र शंभराच्या थोडं पुढे, आणि त्याची मोठी भावंडं तयार होताहेत. रशियनांची वेगळी, अमेरिकनांची वेगळी. कुठे मैलात लिहिलेलं, कुठे किलोमीटरमध्ये, आणि समुद्री मैल आला की माझा पारा चढायचा.

वाट दाखवण्याचा भाग मला त्याहून जास्त आवडला, म्हणजे आवडला म्हणायचं. जवळच्या माऱ्याची जी असतात ती गरमीवर जातात. समोरच्या विमानाचं इंजिन तापलेलं असतं, त्याचा माग काढत जातात. सोडणाऱ्याला पुढे काही करावं लागत नाही. लांबच्या माऱ्याची निराळी. त्यांच्या नाकात स्वतःचं रडार असतं, पण नाक केवढंसं, त्यातलं रडार केवढंसं, त्याला फार लांबचं दिसत नाही. म्हणून निघताना विमान त्याला पत्ता सांगतं, समोरचा हलला की वाटेत नवा पत्ता कळवत राहतं, आणि बरंच जवळ गेल्यावर ते स्वतःचा डोळा उघडतं. बहुतेकांचं इंधन सुरुवातीलाच जळून जातं, पुढे नुसता मिळालेला वेग. मीटिअरचं इंजिन मात्र हवा ओढत बरंच पुढपर्यंत धडधडत राहतं, म्हणून शेवटालाही त्याच्यात जोर असतो. हे सगळं मी पाठ केलं. पाठ केलं, पण त्यात विमानाच्या आत बसलेला माणूस कुठे आहे, याचा एकदाही विचार केला नाही. मी क्षेपणास्त्राच्या बाजूने बघत होतो.

ऑफिसात दुपारच्या चहाला अड्डा जमतो. मातीच्या कपातला चहा आणि जगातल्या कोणत्याही विषयावर ठाम मत, या दोन गोष्टी आमच्याकडे कधी कमी पडत नाहीत. तिथले एक ज्येष्ठ बंगाली सहकारी, त्यांना सगळे दादाच म्हणतात, कप ठेवता ठेवता म्हणाले, "ओदेर टा दुशो, आमादेर टा कोतो?" त्यांचं दोनशे, आपलं किती? मी लगेच सुरू झालो. त्यांचं दोनशे हे विकणाऱ्याने फुगवलेलं आहे, ते दीडशेच धरा. आपलं अजून वाढतंय, तेही दीडशे धरा. दादांनी चष्मा वर केला आणि हिंदीत विचारलं, त्यांच्या मालातून कापलंत तसं आपल्या मालातून का नाही कापलंत? सगळे हसले. मीही हसलो, पण कानशिलं तापली. आयुष्यभर ज्या लबाडीबद्दल व्यापाऱ्यांना धारेवर धरलं, ती मी चहाच्या टेबलावर राजरोस करत होतो. होणाऱ्या जावयाच्या पारड्यात अंगठा दाबून ठेवला होता.

का, ते मलाही कळत होतं. आपला आकडा मोठा निघाला असता तर मी सुटकेचा निःश्वास टाकून हो म्हणणार होतो. त्यांचा मोठा निघाला असता तर मला नाही म्हणायला कारण मिळत होतं. पण आकडे काही केल्या एका जागी बसेनात. आज एक वाचावं, उद्या त्याच्या उलट. मी घरात येरझाऱ्या घालायचो, फोन चार्जिंगला लावायचो आणि पुन्हा काढायचो.

"लग्न मुलाशी करायचंय की क्षेपणास्त्राशी?" बायको म्हणाली.

"तुला कळत नाही."

"मला एवढं कळतं, की पोरगी जेवताना तोंड वर करत नाही. तुम्ही हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. नुसते बाण काढत बसता."

मुलगी खरोखरच बोलेनाशी झाली होती. ती आठवीत असताना आम्ही इथे आलो, तेव्हापासून मैत्रिणी बंगाली, शाळा इंग्रजी, भांडण हिंदीत. मराठी घरापुरती, आणि तीही जेवणखाणाची. तिचा राग मराठीत मावायचा नाही म्हणून ती गप्प बसायची. मला त्या गप्प बसण्याची आकड्यांपेक्षा जास्त धास्ती वाटायला लागली. शेवटी मीच म्हणालो, बोलवा त्यांना घरी. मुलाला बोलवा, त्याच्या आईला बोलवा. मी समोरासमोर विचारतो.

त्याची आई सांगलीहून आली. वडिलांचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांनी प्रवास टाळला. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बराकपूरला बहिणीकडे उतरल्या आणि रविवारी मुलाबरोबर आमच्याकडे आल्या. बायकोने पुण्याहून मागवून ठेवलेले पोहे काढले होते. इथल्या चिवड्याच्या पोह्यांचे कांदेपोहे तिला मान्य नाहीत, त्या एका बाबतीत ती बंगालशी जुळवून घ्यायला तयार नाही. मुलगा माझ्या पाया पडला, बसला, आणि बशी हातात येईपर्यंत गुडघ्यावर हात ठेवून सरळ बसून राहिला. मला तो आवडला. त्यामुळे माझी चिडचिड आणखी वाढली.

हवापाण्याच्या गप्पा मला कधीच जमल्या नाहीत. मी दुसऱ्याच घासाला म्हणालो, "आपल्या क्षेपणास्त्रांचा खरा पल्ला किती असतो रे?"

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की एरवी मी पाणी आणायला उठलो असतो.

"आकडा मला सांगता येणार नाही काका," तो म्हणाला.

"इंटरनेटवर आहेत की सगळे."

"मग ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील." तो हसला. उद्धटपणा नव्हता, खरंच हसू आलं होतं. मग माझा चेहरा बघून त्याने बशी टीपॉयवर ठेवली. "पुस्तकात जेवढं असतं तेवढं सांगतो. तो आकडा असतो ना, तो समोरचा माणूस खूप उंचावरून, सरळ, माझ्याच दिशेने येतोय असं धरून काढलेला असतो. म्हणजे दोघं एकमेकांकडे धावताहेत, म्हणून अंतर लवकर संपतं. पण समोरचा शहाणा असेल तर तो सरळ येत नाही. त्याला कळलं की तो पाठ फिरवून पळतो. मग क्षेपणास्त्राला त्याच्या मागे धावावं लागतं, आणि पल्ला एकदम खाली येतो. मी खाली असेन, जड हवेत, तर आणखी खाली."

"किती खाली?"

"खूप. म्हणून आम्ही लांब किती जातं ते विचारत नाही. कुठल्या अंतरात आलं की समोरचा काही केल्या सुटू शकत नाही, ते बघतो. ते अंतर छोटं असतं."

म्हणजे बसमध्ये बसून गोळा केलेलं सगळं वाया. पण मला वाया गेल्याचं दुःख करायलाही सवड नव्हती. दुसरा प्रश्न जिभेवर आला होता, आणि तो मला वाटतं मी नुसता दिलासा मिळावा म्हणून विचारला. "पण काही का असेना, एकदा सोडलं की तू लगेच वळायचंस ना?"

तो थांबला. आधी आईकडे बघितलं, मग माझ्या मुलीकडे. त्याला खोटं बोलता आलं असतं. सहज. मी हो ऐकायलाच बसलो होतो.

"जवळचं असेल तर वळायचं," तो म्हणाला. "लांबचं असेल तर नाही, काका. त्याचा स्वतःचा डोळा उघडेपर्यंत त्याला वाट आमच्या रडारने दाखवायची असते. रडार विमानाच्या नाकात. म्हणजे नाक साधारण समोरच्याकडेच ठेवावं लागतं. थोडं तिरकं होता येतं. पाठ नाही फिरवता येत."

"तोपर्यंत तू त्याच्यासमोर."

"हो."

"आणि त्यानेही तुझ्यावर सोडलेलं असेल."

"असू शकतं. कधी कधी दुसरं विमान वाट दाखवायचं काम करतं, मग आम्हाला आधी निघता येतं. पण ते धरून चालत नाहीत."

पत्ता सांगणारं ते विमान, मी कितीदा वाचलं होतं. पत्ता कळवत राहतं. तेवढा वेळ त्यात कोणीतरी बसलेलं असतं, आणि तो माझ्या सोफ्यावर बसून पोह्यातलं लिंबू बाजूला काढत होता. त्यानंतर मी जे बोललो ते आवाज चढवून बोललो, ते मला इतरांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

"मग मी मुलगी कशी देऊ तुला?"

"अहो!" बायको म्हणाली.

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला.

मुलगा शांत होता. "विचारायलाच पाहिजे काका. तुमच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं."

त्याने भांडायला हवं होतं. देशाबिशाचं काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणजे मला चिडता आलं असतं. त्याने माझीच बाजू घेतल्यावर मला त्या खोलीत बसवेना. मी बाल्कनीत गेलो. समोर अर्धवट बांधलेले टॉवर, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत पांढरं काशाचं गवत फुललेलं. दमदमला उतरणारी विमानं आमच्या बाल्कनीवरून बरीच खालून जातात, चाकं काढलेली दिसतात. त्यांची आम्हाला इतकी सवय, की बोलता बोलता आवाज चढवायचा आणि ते गेलं की उतरवायचा, हे आता कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या दिवशी मात्र एक विमान गेलं आणि मी कठडा धरून उभा राहिलो.

मागून त्याची आई आली. मला वाटलं, आता ऐकवणार. ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

"मीही असेच आकडे गोळा करायचे," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला. वर्गात फळ्यावर गणित मांडताना मध्येच मनात यायचं, वेग इतका, अंतर इतकं, मग वेळ किती. मुलं हाक मारायची तेव्हा भानावर यायचे. मग सोडून दिलं. आकडा कितीही मोठा निघाला तरी झोप काही लागत नव्हती."

मी जरा सरकून त्यांना कठड्याशी जागा करून दिली.

"आता एवढंच ठेवलंय. उडून खाली आला की तो मला एक शब्द पाठवतो. उतरलो. एवढंच. तो आला की मी कुकर लावते. यांना माहीत आहे, ते जेवणाची घाई करत नाहीत." त्यांनी पदराने कठड्यावरची धूळ पुसली आणि हात ठेवला. "तुम्हाला राग येणार नसेल तर एक सांगू?"

"सांगा."

"मी आज नाही म्हणायला आले होते."

मी त्यांच्याकडे वळून बघितलं. इतके दिवस नाही म्हणायचा हक्क फक्त माझा आहे असं मी धरून चाललो होतो. मुलाकडचीही माणसं नाही म्हणू शकतात, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला ते लागलं. माझ्या मुलीत काय कमी आहे?

"काय खटकलं तुम्हाला?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"काहीच नाही. पोरगी गुणाची आहे, तेच अवघड झालंय." त्या खाली रस्त्याकडे बघत बोलत होत्या. "आत्ता काही वाईट झालंच, तर ते आधी मला कळवतील. त्याच्या कागदावर माझं नाव आहे. लग्न झालं की तिथे बायकोचं नाव येतं. दार माझं वाजायचं ते हिचं वाजेल. मी आता म्हातारी झाले. माझं काय व्हायचं ते होईल. पण ही... काल बहिणीने तिचा फोटो दाखवला, आज प्रत्यक्ष बघितली. मला आणखीच वाटलं, हे आपल्यापाशीच असू दे. कोणाच्या लेकीच्या गळ्यात कशाला घालायचं?"

मी कित्येक आठवडे माझ्या मुलीला या बाईच्या मुलापासून वाचवत होतो. आणि ही बाई सांगलीहून आगगाडीने तेच करायला आली होती, एकही आकडा न बघता.

"तुम्ही आत जाऊन नाही म्हणा," त्या म्हणाल्या. "मी वाईट वाटून घेणार नाही. त्याला मी समजावीन."

सुटका समोर उभी होती. कारणही मिळालं होतं, आणि ते सांगायची जबाबदारीही त्या घेत होत्या. मी तोंड उघडलं.

"काकू."

मुलगी दारात उभी होती. हातात चहाचे दोन कप. किती वेळ उभी होती माहीत नाही, चहावर साय धरली होती. तिला पटकन मराठी सुचेना. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"काकू, ते मला द्या," ती म्हणाली. "ते दार... जे वाजणार आहे. ते मला द्या. मला जमेल."

त्याच्या आईने तिच्या हातातले कप घेतले, कठड्यावर ठेवले. मग तिच्या दोन्ही दंडांना धरलं आणि तिच्याकडे बघत राहिल्या. "तुला जमेल गं," त्या म्हणाल्या. "जमेल म्हणूनच तर द्यावंसं वाटत नाही." आणि रडायला लागल्या. माझी मुलगी, जी लहानपणी इंजेक्शनलाही रडली नाही, तीही रडायला लागली. दोघी एकमेकींना धरून माझ्या बाल्कनीत रडत होत्या, वरून एक विमान गेलं, आणि मी दोन कपांच्या मागे भिंतीला चिकटून उभा होतो, कारण आत जायची वाट त्या दोघींनी अडवली होती.

माझं हो की नाही, हे मला त्यानंतर कोणी विचारलं नाही.

थंडीत लग्न झालं. इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, चार मराठी घरं, बाकी सगळे बंगाली मित्र आणि त्याच्या तुकडीतली मुलं. त्या मुलांनी पंगतीत श्रीखंड असं हाणलं की बायको दोनदा आत जाऊन बघून आली पुरेल ना. दादा आले होते. त्यांनी माझ्या कानात विचारलं, आता कोणाच्या मालातून कापायचं? मी त्यांना जिलेबी वाढली.

मुलगी आता तळावर राहते. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली आहे. 'उतरलो' आता तिच्या फोनवर येतं. तिच्या सासूबाईंनी लग्नानंतर मुलाला बसवून सांगितलं, की आता एकीलाच कळवायचं, बायकोला. दोन ठिकाणी कळवायचं म्हटलं की एखाद्या दिवशी एक ठिकाण विसरतं, आणि ज्या घरी विसरलं त्या घरात त्या दिवशी कोणी जेवत नाही. तो नको नको म्हणत होता. मुलगीही म्हणाली, मी पुढे पाठवत जाईन ना. त्यांनी ऐकलं नाही. तुझं ते तुझं, म्हणाल्या.

त्यांचं हे मला पटलं नव्हतं, अजून पटत नाही. माणसाने स्वतःवर एवढं कठोर होऊ नये. पण मग मी तरी काय करतो? मी मुलीला फोन करत नाही. ती वाट बघत असेल आणि माझ्याच फोनने दचकेल, या भीतीने दिवसा फोन हातात घेतो आणि ठेवतो. टीव्हीवरचे बाण बघवत नाहीत. आता पल्ला कितीही सांगा, मला फक्त तो मधला वेळ दिसतो, नाक समोर ठेवून थांबायचा.

या उन्हाळ्यात मी निवृत्त झालो. दुपारी घरीच असतो. एक दिवस सांगलीहून फोन आला.

"काही नाही, सहजच केला," विहीणबाई म्हणाल्या. यांचे गुडघे, आंब्याचा भाव, सगळं बोलून झालं. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्याकडे आभाळ कसं आहे हो?"

मुलीचा तळ इथून इतका लांब, की इथल्या आभाळाचा आणि तिथल्या आभाळाचा काडीचा संबंध नाही. हे गणित शिकवणाऱ्या बाईला सांगायची गरज नव्हती. पण सांगलीपेक्षा मी तळाच्या जवळ होतो. तेवढंच.

"थांबा हं, बघून सांगतो," मी म्हणालो आणि बाल्कनीत गेलो. ऊन रणरणत होतं. निळं, स्वच्छ आभाळ, एक ढग औषधाला नव्हता.

"चांगलं भरून आलंय," मी म्हणालो. "आज काही कोणी उडणार नाही."

मग त्यांच्या बाजूने भांड्याचा आवाज आला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मग मी कुकर लावते."